उपाशी जमिनीचे तण

पाऊस वेळेवर झालेला असतो, जमिनीत ओल असते, तरीही ज्वारीची पाने भर दुपारी मान टाकतात. ताटे खुजी राहतात, पाने पिवळी पडू लागतात. कीड लागली असावी किंवा खत कमी पडले असावे, असे शेतकऱ्याला वाटते. काही दिवसांनी ताटांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची वीतभर उंचीची नाजूक रोपे दिसू लागतात आणि उलगडा होतो. हा टारफुला.

शास्त्रज्ञ त्याला स्ट्रायगा म्हणतात. इतर तणे पिकाशेजारी वाढून पाणी, ऊन आणि खतात वाटा मागतात. टारफुला मात्र पिकाच्या मुळातच शिरतो आणि तिथून पाणी व अन्न शोषतो. ज्वारी, मका, बाजरी, ऊस ही त्याची आवडती पिके. कापूस किंवा तुरीच्या वाट्याला तो जात नाही.

त्याचे वागणे एखाद्या जुनाट आजारासारखे असते. उगवल्यावर कित्येक आठवडे तो जमिनीखालीच असतो आणि बहुतेक नुकसान त्याच काळात होते. रोप वर दिसते तोवर आजार बळावलेला असतो. एका झाडाला हजारो बिया येतात. त्या धुळीच्या कणाएवढ्या असतात आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. योग्य पिकाचे मूळ जवळ आले, तरच त्या उगवतात.

मूळ जवळ आल्याचे त्या बियांना कळते कसे? पिकाच्या मुळांतून अत्यल्प प्रमाणात एक रसायन पाझरते. 1966 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असे पहिले रसायन वेगळे केले. गंमत म्हणजे ते सापडले कापसाच्या मुळांत! आज रसायनांच्या या गटाला स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पण आपल्याच शत्रूला जागे करणारे रसायन वनस्पती मुळात तयार का करतात, हे कोडे पुढे जवळपास चाळीस वर्षे सुटले नव्हते.

उत्तर 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दिले. ती हाक शत्रूसाठी नसतेच. मुळांशी मैत्री करून मातीतील स्फुरद मिळवून देणारी एक उपयुक्त बुरशी असते, मायकोरायझा. ही हाक तिच्यासाठी असते. टारफुला ती चोरून ऐकतो. मातीत स्फुरद किंवा नत्र कमी पडले की ज्वारीची मुळे हे रसायन अधिक प्रमाणात सोडतात. म्हणजे जमीन जितकी उपाशी, तितकी हाक मोठी आणि टारफुल्याची चंगळ. शरीर कुपोषित असले की क्षयरोग डोके वर काढतो, तसाच हा प्रकार.

म्हणूनच या तणाचा इलाज वरवरचा असून चालत नाही. टू-फोर-डीसारखे तणनाशक वर आलेली रोपे मारते, पण तोवर पिकाचे नुकसान झालेले असते. शिवाय रुंद पानांच्या पिकांना ते घातक असल्याने आंतरपीक म्हणून लावलेली तूर किंवा शेजारचा कापूसही होरपळतो. तोंड-नाक न झाकता, हातमोजे न घालता फवारणाऱ्याच्या तब्येतीला धोका असतो तो वेगळाच.

केनियात ‘इसिपे’ या कीटकविज्ञान संस्थेत भारतीय शास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक घेतले. त्याची मुळे टारफुल्याच्या बिया उगवू देतात, पण त्यांना मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत. डेस्मोडियम जमिनीला नत्र देते, ती झाकून ठेवते आणि गुरांना चाराही होतो. दुसरी वाट बियाण्याची. मूळचे इथिओपियाचे शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांनी अशी हाक फारच कमी देणारे ज्वारीचे वाण विकसित केले. ज्वारीवरील कामासाठी त्यांना 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्या शेतकऱ्यांच्या हातातही बरेच काही आहे. ज्वारीवर ज्वारी घेण्याऐवजी मध्ये कापूस घेतला, तर त्याच्या मुळांच्या हाकेने टारफुल्याच्या बिया उगवतात आणि आधार न मिळाल्याने मरतात. तुरीचे आंतरपीक, शेणखत आणि माती परीक्षण करून दिलेली नत्र-स्फुरदाची मात्रा यांनी जमिनीची भूक भागते. वर आलेली रोपे फुलण्याआधीच उपटावीत. फुललेली रोपे बांधावर किंवा उकिरड्यात न टाकता जाळावीत, कारण शेणखतातून बिया पुन्हा शेतात येतात. हे एका हंगामाचे काम नाही. बिया वर्षानुवर्षे जगतात, म्हणून फेरपालटही वर्षानुवर्षे सांभाळावी लागते.

कोरडवाहू भागातील अनेक घरांत लोह आणि तंतुमय पदार्थ येतात ते ज्वारीच्या भाकरीतून. टारफुला फोफावला की कणसे भरत नाहीत आणि घरचे धान्य लवकर संपते. जमिनीचे पोषण चुकले की ताटातले पोषणही घटते.