मोटार वेशीपर्यंत, पुढचा प्रवास पायांचा

युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलांकडे आई-वडिलांनी महिना-दोन महिने मुक्कामास जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही. अशा मुक्कामात मुले हौसेने भाड्याची मोटार घेतात आणि इटलीतील टस्कनी व उंब्रिया या प्रांतांतली डोंगरमाथ्यावरची गावे दाखवण्याचा बेत आखतात. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, सुरूच्या रांगा आणि दूर टेकडीवर तटबंदीत वसलेले दगडी गाव, हे दृश्य कोणत्याही वयात पाहावे असेच आहे. प्रश्न एवढाच, की आजी-आजोबा त्या गावात पोहोचतात, की खाली वाहनतळावरील बाकावरच बसून राहतात?

उंची नव्हे, चढ

‘तिथे उंचीमुळे धाप लागेल का?’ असे रुग्ण हमखास विचारतात. मोन्तेपुल्चानो हे टस्कनीतील उंचावरचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तर आपले पुणे सुमारे ५६० मीटरवर. तेव्हा हवा विरळ असण्याची भीती नको. अडचण आहे ती चढाची. शत्रूपासून संरक्षणासाठी ही गावे माथ्यावर वसवली गेली. गल्ल्या अरुंद, फरसबंदी आणि तीव्र उताराच्या. जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बहुधा बंदी असते. ‘झेडटीएल’ अशी अक्षरे आणि तांबड्या कडेचे पांढरे वर्तुळ असलेली पाटी दिसली, की मोटार तिथेच थांबवावी. पुढे कॅमेरे असतात आणि दंडाची सूचना नंतर घरी येते. म्हणजे शेवटची वाट पायांनीच चालायची.

गाव निवडताना

म्हणून गाव आपल्या पायांना झेपेल असे निवडावे. पिएन्झा हे लहानसे गाव बरेचसे सपाट आहे. दरीच्या कडेने रमतगमत चालता येते. ओर्व्हिएतो खडकाच्या उंच कड्यावर आहे, पण पायथ्याच्या रेल्वे स्थानकापासून दोराने ओढली जाणारी गाडी वर नेते आणि तिथून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस मिळते. पेरूजा शहरात तर जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर जातात.

याउलट मोन्तेपुल्चानोचा मुख्य रस्ता वेशीपासून चौकापर्यंत चढतच जातो. चिव्हिता दी बान्योरेज्जो या गावात जाण्यास केवळ पादचारी पूल आहे, आणि त्याचे शेवटचे टोक चांगलेच चढणीचे आहे. ओर्व्हिएतोमध्ये पोप सातव्या क्लेमेंटने सोळाव्या शतकात खोदवलेली एक खोल विहीर आहे. पाणी वाहणारी खेचरे समोरासमोर येऊ नयेत म्हणून तिला उतरण्याचा आणि चढण्याचा असे दोन स्वतंत्र वर्तुळाकार जिने आहेत. प्रत्येकी २४८ पायऱ्या. पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, हे लक्षात घेऊन आत उतरायचे की नाही ते ठरवावे.

निघण्यापूर्वी

दोन मजले न थांबता चढताना छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवत असेल, अथवा चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. हृदयाच्या वा पायांच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे असेच व्यक्त होते. प्रकृती ठीक असल्यास सहा आठवडे आधीपासून रोज थोडा चढ चालण्याचा सराव करावा. गुडघ्यांची परीक्षा चढण्यापेक्षा उतरताना अधिक होते. म्हणून घडीची काठी आणि न घसरणाऱ्या तळव्यांचे, वापरून सरावलेले बूट न्यावेत.

मोटारीतील काळजी

फार वेळ बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे सोडू नये, आणि लघवी वाढवणारी गोळीही परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. घाटातील मळमळीसाठीच्या काही गोळ्यांनी झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. तेथील अनेक भोजनगृहे दुपारी अडीच-तीननंतर बंद होऊन संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. मधुमेहींनी जवळ बिस्किटे आणि साखर बाळगावी.

चालवणाऱ्यासाठी

भारतीय परवान्यासोबत आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते. ऑटोमॅटिक गिअरची मोटार हवी असल्यास नोंदणी करतानाच सांगावे. प्रवास विम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, ते लेखी तपासावे. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२ आहे.

आणि मुलांना एक विनंती. दिवसात तीन गावे ‘उरकण्या’पेक्षा एकच पाहा. आई-वडिलांना वेशीजवळ उतरवून, त्यांच्यासोबत एकाने थांबून, मग मोटार लावायला जा. दमलेले ज्येष्ठ बहुधा दमलो असे म्हणत नाहीत. ‘तुम्ही जाऊन या, आम्ही इथेच बसतो’ असे म्हणतात. हे वाक्य कानी पडले, की आपणही त्यांच्याशेजारी बसावे. थोड्या विश्रांतीनंतर उरलेली वाट पुष्कळदा एकत्र चालता येते.