एक चित्र, तीन हात

जुने चिनी चित्र उलगडले की बाजूला लिहिलेल्या ओळी आणि लाल शिक्के दिसतात. चित्र कुणी खराब केले, असे आपल्याला वाटेल. तिथे मात्र तो चित्राचा मान असतो.

1279 मध्ये मंगोलांनी दक्षिण चीनमधील सोंग राज्य संपवले. त्यांच्या राजवटीत मंगोलांखालोखाल दर्जा मध्य व पश्चिम आशियातून आलेल्यांना होता. त्यांत मुसलमान बरेच होते. दक्षिणेतील चिनी सर्वांत खाली.

गाओ केगोंग (1248–1310) अशाच बाहेरून आलेल्या घराण्यातले. काही अभ्यासक त्यांना उइगूर म्हणतात, काही मुस्लिम. ते न्यायखात्याच्या मंत्रिपदापर्यंत पोहोचले. हांगझोऊला नोकरीत असताना तिथल्या धुक्यातल्या डोंगरांनी त्यांना वेड लावले. त्यांचे मित्र झाओ मेंगफू (1254–1322) हे तर सोंग राजघराण्याचे वंशज. एक जिंकणाऱ्यांच्या बाजूचा, दुसरा हरलेल्यांचा.

एकदा गाओंनी जुने झाड काढले आणि झाओंनी त्याच्याजवळ बांबू काढून चित्र पुरे केले. ते महसूल खात्यातील यांग नावाच्या अधिकाऱ्यासाठी होते. पुढे विद्वान यू जी यांनी त्यावर कविता रचली. असे विद्वान स्वतःला विकण्यासाठी चित्र काढणारे म्हणवत नसत. आदर, उपकार आणि दोस्ती यांच्या देवघेवीत चित्र एका घरातून दुसऱ्या घरी जाई. कलेचा आश्रयदाता दरवेळी बादशहाच असे, असे नाही.

या दोस्तीत खरे बोलण्यालाही जागा होती. ढगांनी वेढलेल्या डोंगरांचे गाओंचे एक चित्र आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्यावर 1309 मध्ये चित्रकार ली कान यांनी लिहिले. गाओंच्या चित्रांत टवटवी भरपूर, पण कुंचल्यात जोर कमी, असे त्यांना वाटे. ते सांगायचे होते, पण दहा वर्षे भेट झाली नाही. या चित्रात मात्र तो जोर आला आहे, म्हणून ज्याच्याकडे हे आहे त्याने ते जपावे, असे त्यांनी लिहिले.

एरवी दोष आपण पाठीमागे बोलतो आणि कौतुक तोंडावर करतो. ली कान यांनी दोन्ही एकाच चित्रावर, सर्वांना वाचता येईल असे लिहून ठेवले. हदीसमधली आरशाची उपमा आपल्या परिचयाची आहे. आरसा डाग दाखवतो, पण चेहरा बिघडवत नाही.

गाओंच्या चित्रातही दोस्तासाठी जागा होती. आपल्या कामात आपण कुणासाठी एवढी जागा सोडतो का?