हिंगोलीची पलटण, कुमाऊँचं गाणं

पलटणींच्या गाण्यांवर लिहिणाऱ्यांची गाडी आपल्याकडे बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते. शिवरायांचा जयघोष, सिंहगडाच्या स्मरणाचा ४ फेब्रुवारी, जंगी पलटणीच्या स्थापनेचं १७६८ हे साल. सगळं खरं, सगळं अभिमानाचं, आणि दर दिवाळीला छापून येणारं. आसाम रेजिमेंटच्या गाण्यातल्या बदलूरामाची गोष्टही आता घरोघरी पोचली आहे. मला बोलायचंय ते आमच्याच मुलखातल्या, पण आम्हीच विसरलेल्या पलटणींबद्दल.

निजामाच्या पैशावर पोसलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि वऱ्हाडात एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, अशा पसरल्या होत्या. परभणी जिल्ह्यातल्या चुडावा गावच्या माणसाला हिंगोली परकी नाही. १९९९ पर्यंत तीही परभणी जिल्ह्यातच होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली, १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये नाव पडलं कुमाऊँ रेजिमेंट. एलिचपूरच्या नवाब सलाबत खानाने १७८८ मध्ये उभी केलेली पलटण म्हणजे आजची चौथी कुमाऊँ. बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे.

आणि या रेजिमेंटचं गाणं कोणतं? ‘बेडू पाको बारामासा’. शब्द ब्रिजेंद्रलाल शाह यांचे, चाल मोहन उप्रेती यांची. त्यात तोफ नाही, शत्रू नाही. रानअंजीर आहे, काफळ आहे, गावाची ओढ आहे. सैन्याचं गाणं म्हणजे रणगर्जनाच, असं मानणारे काही विद्वान याला ‘फळांचं गाणं’ म्हणून बाजूला सारतात. त्यांनी जवानांच्या तोंडून ते कधी ऐकलेलंच नाही.

चुडाव्याला क्रॉसिंगसाठी पॅसेंजर थांबली असताना रजेवरून परतणारा एक पहाडी जवान मी पाहिला होता. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, आणि त्याच पत्र्यावर बोटांनी ठेका धरून तो हेच गुणगुणत होता. डब्यातल्या आमच्या बाया भाषा न कळताही ऐकत राहिल्या. शिपाई लढायला जातो तो मागे काय ठेवून जातो, हे गाणं एवढंच सांगतं. गर्जना ज्याची त्याने मैदानात करावी. गाणं मात्र तळावर, रात्री, घराची आठवण अनावर झाल्यावर लागतं.

हल्ली स्टुडिओत बसून ‘सैन्यगीतं’ तयार होतात. ढोल, तुतारी, पडद्यावर स्फोट. लिहिणाऱ्याने छावणीचं फाटक पाहिलेलं नसतं आणि तळावर ते कुणी गुणगुणतही नाही. आमच्याकडचे लष्करात गेलेले पोरगे आजही जात्यावरच्या ओव्या, वारीचे अभंग सोबत नेतात. ते कुणी टिपून ठेवले नाहीत, आणि टिपणाऱ्याला संपादक पानं देत नाहीत. हिंगोलीच्या आणि अचलपूरच्या शाळांत आपल्या गावची पलटण आज कुमाऊँनी गाते हे मुलांना सांगितलं, तरी हे टिपण्याच्या कामाला सुरुवात होईल.