कामरेजचा ऊस आणि जिनिव्हातला वाद

नंदुरबार-धुळ्याहून दरसाल कोयता घेऊन कामरेज, बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांना जिनिव्हाशी काय देणंघेणं? पण तिथल्या जागतिक व्यापार संघटनेत भांडण याच उसाच्या भावावरून आहे.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने तक्रार केली, की भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो. विकसनशील देशांना ही मर्यादा पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्के. भारताचं उत्तर सरळ होतं: एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त भाव, कारखाना देतो, सरकार नाही. मग अनुदान कसलं? डिसेंबर 2021 मध्ये पंचमंडळाने ते मानलं नाही. भाव सरकारने ठरवला ना, मग पैसे कुणीही देवो, तो आधारच.

खरी गोम हिशोबात आहे. करारानुसार आजचा भाव 1986-88 च्या जागतिक किमतीशी ताडतात. मधली महागाई गेली कुठे?

डिसेंबर 2021 मध्येच भारताने अपील केलं. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे, त्यामुळे निकाल लटकला आणि एफआरपी टिकली.

एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा भाव. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातच येतो. उद्या या भावालाच कात्री लागली, तर कोयत्याची मजुरी वाढवा म्हणून कुणाच्या दारात जायचं?