दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे आपण वर्गात सांगतो. मग डिझेल पेटते कसे? हवा दाबून. सिलिंडरमधली हवा दाबून तिचे आकारमान पंधराव्या-विसाव्या हिश्शावर आणले, की ती एवढी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून भराभर दट्ट्या मारला, की पंप खालच्या बाजूला गरम लागतो. तोच हा प्रकार. रुडॉल्फ डिझेल यांनी या तत्त्वावरचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवले.

आता अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतली हिवाळ्यातली एक पहाट डोळ्यांसमोर आणा. पारा शून्याखाली २० अंश. दारात आठ सिलिंडरचा डिझेल पिकअप ट्रक उभा आहे. आत येणारी हवाच गारठलेली. सिलिंडरच्या थंडगार भिंती हवेतली उष्णता शोषून घेतात. तेल घट्ट झालेले, बॅटरी मंदावलेली. त्यामुळे स्टार्टर इंजिनाला हळू फिरवतो आणि उष्णता निसटून जायला जास्त वेळ मिळतो. हवा पुरेशी तापतच नाही.

अशा वेळी मदतीला येतो ग्लो प्लग. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात. पेन्सिलीसारखी धातूची कांडी, तिच्यात तापणारी तार. प्रत्येक सिलिंडरला एक. वीज मिळताच काही सेकंदांत तिचे टोक लालभडक होते आणि शेजारून जाणारा डिझेलचा फवारा पेटतो. (मोठ्या मालट्रकांत पुष्कळदा याऐवजी आत येणारी हवाच तापवणारा हीटर असतो, इथे आपण हलक्या ट्रकांबद्दल बोलत आहोत.)

या ट्रकच्या चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे. गाडी कशीबशी सुरू झाली, पण थोडा वेळ थरथरली आणि मागून पांढरा धूर निघाला. हा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब. तपासणीचे यंत्र जोडले तर त्यावर अक्षरे उमटली: पी०६७३.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारी आणि हलक्या ट्रकांसाठी दोष नोंदवण्याची एकसारखी सांकेतिक पद्धत लागू झाली. पुढे ती भारतातही आली. तिच्यात ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. ०६७१ ते ०६७८ हे एक ते आठ सिलिंडरच्या ग्लो प्लग मंडलांसाठी. म्हणजे आपला दोष तिसऱ्या सिलिंडरचा. ०६७० हा संकेत प्लग नियंत्रित करणाऱ्या पेटीच्या मंडलाचा असतो.

आता पुष्कळ जण घाईने म्हणतात, “तिसरा प्लग गेला, बदलून टाका.” पण संकेत नीट वाचा. तो ‘प्लगचे मंडल’ म्हणतो, ‘प्लग’ म्हणत नाही. संगणकाला दिसते ते एवढेच, की त्या वाटेने अपेक्षित प्रवाह जात नाही. प्लगमधली तार तुटली असेल, जोडणी सैल झाली किंवा जळाली असेल, वायर तुटली असेल, नाहीतर पेटीच्या आतच बिघाड असेल. संगणकाच्या जागेवरून हे चारही दोष सारखेच दिसतात. संकेत ही खूण आहे, निकाल नव्हे.

मग निकाल कसा लावायचा? आधी विचार करायचा: प्लग समांतर जोडणीत असतात. आठही बंद असते, तर फ्यूज, रिले किंवा मुख्य पुरवठा असा सामाईक दोष शोधला असता. इथे एकच फांदी मेली आहे. तेव्हा शोध त्या फांदीतच.

चावी बंद करून तिसऱ्या प्लगची जोडणी काढावी आणि प्लगचे टोक व इंजिनाचा सांगाडा यांमधला रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध फार थोडा असतो, साधारण एका ओहमच्या आसपास. त्यामुळे मीटरच्या वायरींचा रोधही मोजमाप बिघडवतो. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा टिपावा आणि तो वजा करावा. मग शेजारच्या प्लगशी तुलना करावी. अनंत रोध दाखवला, तर प्लगची तार तुटली आहे.

प्लग चांगला निघाला तर? मग वायर तपासायची, आणि इथेच फसगत होते. नुसता व्होल्टमीटर लावला की एका तंतूवर लोंबकळणारी वायरही १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. हेडलाइटच्या बल्बसारखा भार जोडला की खरे काय ते कळते. हिशोब करून पाहू. प्लग ०.८ ओहम आणि जोडणी उत्तम असेल, तर प्रवाह १५ अँपिअर, शक्ती १८० वॅट. जोडणी गंजून तिथे आणखी ०.८ ओहम आले, तर प्रवाह निम्मा, साडेसात अँपिअर. आणि प्लगला मिळणारी शक्ती पाव, ४५ वॅट! (प्लग तापत जातो तसा त्याचा रोध वाढतो, हे आकडे सुरुवातीच्या क्षणाचे.)

आणखी एक सुंदर कसोटी आहे. इंजिन माहीत असलेल्या मेकॅनिकने तिसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरचे प्लग आपसांत बदलावेत. नंतर पी०६७५ आला, तर दोष प्लगबरोबर गेला. पी०६७३ च राहिला, तर दोष वायरीत किंवा पेटीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम इथेही तोच.

दुरुस्तीनंतर संकेत पुसून गरम इंजिनावर खात्री करून घेऊ नये. इंजिन गरम असताना पुष्कळ गाड्यांत प्लगना वीज दिलीच जात नाही, म्हणून तपासणीही होत नाही. संकेत न दिसणे म्हणजे दोष नसणे, असे नव्हे. खात्री थंड इंजिनावरच होते.

दोन इशारे. काही प्लग १२ पेक्षा बरेच कमी व्होल्टचे असतात. ते बॅटरीला थेट जोडले तर क्षणात जळतात. आणि गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटून इंजिन फोडू शकतो, माणसालाही इजा करू शकतो.

वर्गात हे करायला ट्रक नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉर्चचे चार बल्ब समांतर जोडा, टोके बाहेर काढा. एका फांदीत गुपचूप दोष घाला: कधी फुटका बल्ब, कधी तुटकी वायर, कधी वाढीव रोध. मुलांनी खोके न उघडता दोष शोधायचा. पण उत्तराबरोबर हेही सांगायचे, की बाकीच्या शक्यता त्यांनी कशावरून सोडून दिल्या. गुण त्यालाच द्यावेत.