पेशींना धरून ठेवणारे प्रथिन

विटांची भिंत उभी राहते ती विटांमधील चुन्यामुळे. प्राण्यांच्या शरीरातही पेशी एकमेकींस धरून राहाव्यात म्हणून निसर्गाने खास प्रथिने योजिली आहेत. कॅडहेरिन हे त्यांपैकी एक प्रमुख प्रथिन होय. कॅल्शियम असेल तरच त्याची पकड टिकते. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्यास हे नाव दिले.

भारतातील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्रा माशातील ई-कॅडहेरिनचा बराच अभ्यास झाला आहे. त्यात मोठा दोष असल्यास गर्भाची वाढ प्रारंभीच खुंटते. प्रयोगांसाठी या प्रथिनाचे जनुक जीवाणूंत किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत घालतात आणि तयार झालेले प्रथिन शुद्ध करून घेतात. मधुमेहावरील मानवी इन्सुलिनही याच तत्त्वाने बनते. मात्र संशोधनासाठी बनविलेले हे प्रथिन माशांचे औषध नव्हे व खाद्यही नव्हे.

मत्स्यशेती करणाऱ्यांनी यातून एवढे ध्यानी घ्यावे : माशाची त्वचा ही अशा जोडलेल्या पेशींची भिंतच आहे. बोटुकली हाताळताना ती खरचटली, की बुरशी व रोगजंतू आत शिरतात. म्हणून जाळे मऊ व गाठी नसलेले वापरावे, हात ओले असावेत, बीज सकाळच्या गारव्यात हलवावे आणि भांड्यात दाटी करू नये.