लेखांक ९ : घूस, कबुतर आणि दहा हजार रुपये

या आठवड्यात स्प्रिंगची रायफल आणि गॅस पिस्टनची रायफल यांची तुलना करायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या खेपेला. मधेच पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्याहून एक पत्र आलं, आणि पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनातला घोळ त्या एकाच पत्रात सापडला.

पत्र लिहिणारे मूळचे गावातलेच. जमीन बरीचशी गेली, काही गुंठे उरले, त्यावर चार म्हशींचा गोठा आहे. स्वतः राहतात शेजारच्याच सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. गोठ्यात घुशी झाल्यात. पेंडीची पोती फोडतात, गव्हाणीखालची जमीन पोखरतात. फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरं झालीत. त्यांनी विचारलंय, ‘दहा हजारांत अशी एअरगन सांगा की दोन्ही कामं होतील. दुकानदार बाराशे एफपीएसची घ्या म्हणतो. घेऊ का?’ पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी कबुतरं. त्यांच्यासाठी बंदूक नाही, कुठलीच नाही. साडेचार मिलिमीटरचा छर्रा कबुतराला चुकला तर हवेत विरघळत नाही. अकराव्या मजल्यावरून सुटला की दोन-तीनशे मीटर सहज जातो, आणि पुनावळ्यात आता दोनशे मीटरवर कुणाची तरी खिडकी असतेच. खाली मुलं सायकली फिरवत असतात. एवढ्या वेगाचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो, यात जर-तर नाही. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, आणि जनावर मारण्या-जायबंदी करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. सगळे कायदे बाजूला ठेवले तरी हा उपाय लागू पडत नाही. बाल्कनीतली बसायची जागा आणि कुणीतरी टाकलेले दाणे या दोन गोष्टींमुळे कबुतर येतं. दोन मारली तर त्या जागेवर तिसरं-चौथं येऊन बसतं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत एवढं रण माजलं, तेव्हाही मुद्दा दाण्यांचाच होता. जाळी लावा, दाणे बंद करा. जाळीचा खर्च रायफलीच्या बजेटमधून काढावा लागला तरी काढा.

पक्ष्यांवर नेम धरण्याबद्दल आणखी एक सांगतो. सालिम अली दहा-बारा वर्षांचे असताना मामांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, हे त्या मुलाच्या लक्षात आलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं, आणि तिथून भारताच्या पक्षिशास्त्राचा एक मोठा रस्ता सुरू झाला. मला त्या गोष्टीत दरवेळी एकच जागा थांबवते. पक्षी कुठला हे गोळी लागल्यानंतर कळलं. आपल्याला ते आधी कळायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट, मोर, घुबड हे सगळे राखलेले आहेत, आणि संध्याकाळच्या अंधारात कौलावर बसलेली आकृती कुणाची आहे हे ओळखता येत नसेल, तर बोट ट्रिगरवर जाऊच नये.

आता घूस. इथे मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. घुशीने काय नुकसान होतं ते गोठा असलेल्या माणसालाच ठाऊक. पेंड खाते ती वेगळी, मुतून नासवते ती वेगळी, आणि पाया पोखरते तो खर्च दोन पावसाळ्यांनी कळतो. इंग्रजांनी हिला ‘बँडिकूट’ म्हटलं, तो शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुक्करउंदीर. गोठ्यातली जून घूस पाहिलेल्या माणसाला हे नाव लगेच पटेल. पुनावळ्याच्या वनजमिनीवर होऊ घातलेला कचरा डेपो २०२३ च्या डिसेंबरात रद्द झाला, ही त्या भागातल्या गोठ्यांच्या दृष्टीनेही फार चांगली गोष्ट घडली. उघडा कचरा आणि घूस यांचं नातं सांगायला नकोच.

पण मुंबई महापालिकेचे मूषक संहारक आठवा. रात्रपाळीत हातात काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांतून फिरणाऱ्या या माणसांतला प्रत्येक जण एका रात्रीत तीस उंदीर संपवतो. तेव्हा रायफल हे साधन पहिलं नव्हे. पेंड पत्र्याच्या झाकणबंद पिंपात ठेवा, बिळांत काचेचे तुकडे आणि सिमेंट भरा, पिंजरे लावा. एवढं करून ज्या दोन-चार हुशार, पिंजऱ्याला हुंगून निघून जाणाऱ्या घुशी उरतात, त्यांच्यासाठी रायफल.

आता ते बाराशे एफपीएस. एफपीएस म्हणजे सेकंदाला फूट. हा आकडा खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि नवखा माणूस त्यावरच भुलतो. मी उभी हयात टूलरूममध्ये काढली. कुठलाही आकडा दिसला की तो कशाने मोजला हे विचारायची सवय तिथे लागली. तीच सवय इथे वापरू.

छर्‍याची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. वजन गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. शिशाचा साधा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. बाराशे फूट म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर. हिशेब केला तर साडेतेहतीस ज्यूल येतात. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना रायफलीला दोन मर्यादा आहेत. नळी ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि ताकद २० ज्यूलपर्यंत. म्हणजे तो आकडा शिशाच्या छर्‍यावर खरा असेल तर ती रायफल परवान्याशिवाय ठेवता येणार नाही. आणि रायफल विनापरवाना विकण्याजोगी असेल तर आकडा शिशाच्या छर्‍यावरचा नाही. तो ०.३ ग्रॅमच्या मिश्रधातूच्या हलक्या छर्‍यावर काढलेला असतो. ०.३ ग्रॅम आणि ३६६ मीटर घेऊन तोच हिशेब करून पाहा, उत्तर २० ज्यूलच्या आसपास येतं. असा हलका छर्रा आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटतो, पुढे वेग उतरताना डगमगतो, आणि दहा मीटरवर कुठे जाईल याचा नेम नाही.

बालेवाडीच्या दहा मीटर नेमबाजी रेंजवर एकदा जाऊन बघा, पुनावळ्याहून फार लांब नाही. तिथे खेळणाऱ्यांच्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या असतात. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने जातो, जाहिरातीतल्या वेगाच्या निम्म्यानेसुद्धा नाही. आणि लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका केवढा, तर अर्ध्या मिलिमीटरचा. याच अंतरावर, याच प्रकारात अंजली वेदपाठक, आताच्या अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. घुशीच्या कानाच्या आणि डोळ्याच्या मधली जागा त्या ठिपक्याच्या मानाने परातीएवढी आहे. आठ मीटरवरून त्या जागेत आठ ज्यूलचा छर्रा बसला तर ती जागच्या जागी मरते. पंधरा ज्यूलचा पोटात बसला तर बिळात जाऊन दोन दिवसांनी मरते, आणि वासाने तुम्हाला गोठ्यात पाऊल टाकवत नाही. तिचे हाल झाले ते वेगळेच.

म्हणून दहा हजारांची वाटणी अशी करा. रायफलीला सात ते आठ, उरलेले छर्‍यांना आणि छर्रे अडवायच्या खोक्याला. दुर्बीण घेऊ नका. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्हीकडे असतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन हवेच्या गादीवर आदळून थांबतो तेव्हा तीच रायफल पुढे उडी घेते. हा पुढचा धक्का स्वस्त दुर्बिणीची भिंगं महिनाभरात सैल करतो. गोठ्यातल्या आठ-दहा मीटरला लोखंडी माशी पुरते.

दुकानात तीन गोष्टी बघा. नळीत टॉर्च मारून आटे आहेत का पाहा. गुळगुळीत नळीच्या बंदुकाही विकल्या जातात, त्या जत्रेतल्या फुग्यांसाठी ठीक. मग नळी मोडायच्या सांध्यापाशी अंगठा ठेवून नळी डावी-उजवी हलवा. कणभरही खेळ जाणवला तर दुसरी काढायला सांगा. आणि ट्रिगर दाबताना तो कुठे सुटणार याचा बोटाला अंदाज येतो का, ते त्यांच्याच खोक्यावर एक छर्रा मारून बघा. रिकामी मारून बघू नका, पुढे छर्रा नसला की पिस्टन थेट आदळतो. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेईल, ती द्या आणि पक्कं बिल घ्या. येताना रायफल पिशवीत बंद करून आणा. पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तालयाचे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात. उघडी रायफल खांद्याला लावून ताथवड्याच्या चौकात उभं राहायचं कारण नाही.

जुनी मिळाली तरी चालेल का, असं मागे दोघांनी विचारलं होतं. चालेल, उलट मला आवडेल. माझी पहिली रायफल जुनीच होती, पिस्टनला चामड्याचा वायसर असलेली. वायसर सुकून कडक झाला होता, छर्रा नळीतून जेमतेम बाहेर पडायचा. एक थेंब तेल मुरवून रात्रभर उभी ठेवली, आणि सकाळी तिने पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं. त्या दिवसापासून मी या विषयात आहे. पण हे चामड्याच्या वायसरपुरतं. आताच्या रायफलींना कृत्रिम वायसर असतो. तिथे तेल घातलं तर दाबाने ते पेट घेतं, मोठा आवाज होतो, नवख्याला वाटतं ताकद वाढली, आणि आत वायसर जळत असतो.

छर्रा आकाराने डमरूसारखा, मधे बारीक, मागे पोकळ. कागदावर सरावाला चपट्या तोंडाचा घ्या, भोक स्वच्छ पडतं. घुशीसाठी गोल डोक्याचा. चार वेगवेगळ्या डब्या आणा, कारण एकाच कारखान्याच्या दोन रायफलींनासुद्धा एकच छर्रा मानवत नाही. जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी घट्ट ठासून भरलेला खोका मागे ठेवा, दगडी भिंत कधीच नको, शिसं तिथून उलटून येतं. पुढचा हात मुठीत आवळू नका, उघड्या तळव्यावर रायफल नुसती टेकू द्या, तिला हवी तशी उडी मारू द्या. कागदावर दहा रुपयांचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढा. दहा मीटरवरून पाचपैकी पाच छर्रे त्या गोलात, आणि हे सलग तीन दिवस, तोवर घुशीवर एकही नाही. सराव झाला की हात साबणाने धुवा, शिसं पोटात जायला नको.

मग रात्री, दिव्यावर लाल कागद लावून. लाल उजेड घुशीला फारसा दिसत नाही. एक ठरलेली जागा, मागे मातीचा ढीग, म्हशी दुसऱ्या बाजूला बांधलेल्या, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

आता पत्रातली ती शेवटची ओळ. ‘गोठ्याच्या माळ्यावर एक पांढरट पक्षी राहतो, रात्री फार भेसूर ओरडतो, घरचे अपशकुनी म्हणतात, त्याचंही याच बंदुकीने होईल का?’

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. अहो, ते गव्हाणी घुबड आहे. गोठ्यातल्या गव्हाणीवरूनच त्याला हे नाव पडलं. पांढरा, पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा, पाठीवर सोनेरी झाक आणि बारीक ठिपके, आणि ओरडणं म्हणजे घोगरी किंचाळी. ते एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज संपवतं, पिल्लं असली की त्याहून जास्त. तुमच्या गोठ्यात उंदीर आणि लहान घुशी आटोक्यात असतील तर ते त्याच्यामुळे. जून, किलोभराची घूस तेवढी त्याला पेलत नाही, ती तुमच्या वाट्याची.

तेव्हा त्याच्याकडे नळी वळवायची नाही, आणि त्याच्यासाठीच आणखी दोन गोष्टी पाळायच्या. गोठ्यात विषाच्या वड्या टाकू नका. ते औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला आयता सापडतो, आणि विष त्याच्या पोटात जातं. आणि रायफलीने मारलेली घूस उकिरड्यावर फेकू नका, तिच्या अंगात शिशाचा छर्रा असतो. हातभर खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा. माळ्याची जी फट त्याला येण्याजाण्याची आहे, ती यंदा पत्रे बदलताना उघडी राहील एवढं बघा, आणि पिल्लं आहेत का ते मला कळवा.